हाडं आधी भरू द्यायची, की गाठ आधी काढायची?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या ताई कोल्हापूरच्या, वय ३६. मिस्टर ४१ वर्षांचे, उद्यमनगरात लेथवर काम करायचे. तरुणपणी तालमीत घुमलेलं शरीर. चार वर्षांपूर्वी टाचा दुखायला लागल्या, मग बरगड्या, मग उजवा खुबा. ‘कुस्तीतली जुनी दुखापत उचल खातेय’ म्हणून आधी मालिश झालं. नंतर कुणी वात सांगितला, कुणी मणक्याचा आजार. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या झाल्या, वर इंजेक्शनंही झाली, पण फरक पडला नाही. दोन वर्षांपूर्वी नुसत्या शिंकेनं बरगडी मोडली. आता काठीशिवाय चालता येत नाही.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी रक्तातला फॉस्फरस तपासला, तो १.२ निघाला. पुढं मुंबईत गाठ शोधणारा खास पेट (पीईटी) स्कॅन झाला. उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्याच्या गोळ्याला लागून, दोन सेंटिमीटरची गाठ सापडली. त्याच जागी हाडाला चीरही आहे. एक सर्जन म्हणतात, गाठ खरवडून पोकळीत सिमेंट भरू, सांधा वाचेल. दुसरे म्हणतात, गोळा आणि मान गाठीसकट काढून कृत्रिम सांधा बसवू. दीर म्हणतात, एवढ्या ठिसूळ हाडांवर ऑपरेशन कसलं करताय, सहा महिने औषध देऊन हाडं आधी भरू देत. सासूबाई म्हणतात, गाठीला हत्यार लागलं की ती पसरते. दुसरे सर्जन कॅन्सरच्या हॉस्पिटलात बसतात, त्यामुळे नणंदेला वाटतंय की डॉक्टर काहीतरी लपवतायत. फॉस्फेटचं औषध सुरू झाल्यापासून दुखणं जरा कमी आहे, म्हणून ‘औषधच चालू ठेवू’ असा घरात सूर आहे.

पत्राची शेवटची ओळ अशी: ‘पहिली दोन वर्षं मी त्यांना कामचुकार म्हणत होते. हे मला गिळता येत नाही.’

उत्तर

ताई,

पत्रात तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात. दोन वर्षांत मिस्टरांचे शर्ट दोनदा खालून आखूड करावे लागले, आणि शिंप्यानं ‘साहेब बारीक झालेत का’ म्हणून विचारलं. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. माणूस बारीक झाला तर शर्ट बाजूंनी आत घेतात, खालून आखूड करत नाहीत. मिस्टर बारीक झाले नव्हते. त्यांचे मणके दबत होते आणि उंची कमी होत होती. हे तुमच्या लक्षात आलं नाही, शिंप्याच्याही नाही. पण ज्या ज्या डॉक्टरांसमोर ते जाऊन बसले, त्यांच्यापैकीही कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा शेवटच्या ओळीतलं ओझं एकट्या तुमचं नाही. त्यावर पुढं बोलते, आधी आजाराचं बोलू.

तुमच्या मिस्टरांना जे झालंय त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार. म्हातारपणी हाडं विरळ होतात, ते वेगळं. आपल्याकडच्या माणसाला गुऱ्हाळाचं उदाहरण पटकन कळेल. काहिलीतला पाक साच्यात ओतला, पण पाकच बिघडलेला असला तर गुळाचा रवा धरत नाही. आकार रव्याचा, वजन रव्याचं, पण बोट लावलं की दबतो. हाडाचंही तसंच. हाडाची मूळ चौकट शरीर रोज नव्यानं विणत असतं. त्या चौकटीत कॅल्शियम आणि फॉस्फेट बसलं की ती कडक होते. तुमच्या घरी चौकट विणली जातेय, पण तिच्यात भरायला फॉस्फेटच उरत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ असावा लागतो. त्यांचा १.२ आहे.

फॉस्फरस जातो कुठं? लघवीतून. त्या दोन सेंटिमीटरच्या गाठीतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. हे संप्रेरक आपल्या सगळ्यांच्या शरीरात थोडं असतंच. जास्तीचं फॉस्फेट बाहेर टाक, असा निरोप ते मूत्रपिंडाला देतं. गाठीला मात्र थांबायचं कळत नाही. ती रात्रंदिवस तोच निरोप पाठवत राहते, आणि वर ड जीवनसत्त्वाचं जे कामाचं रूप मूत्रपिंडात तयार होतं तेही दाबून टाकते. म्हणून आठवड्याच्या पुड्या आणि इंजेक्शनं फुकट गेली. कच्चा माल पोचत होता, पण कारखानाच बंद होता. स्नायूंनाही फॉस्फेट लागतं, म्हणून मांड्यांतलं बळ गेलं, जिना अवघड झाला, चालताना शरीर दोन्ही बाजूंना झुलायला लागलं. याला कुणी ‘अंगचोरी’ म्हटलं तर ते अज्ञानातून, दुष्टपणातून नाही.

हे कळायला वैद्यकशास्त्रालाही पन्नास वर्षं लागली. १९४७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट मॅकॅन्स यांनी एका तरुण मुलीची हकिगत लिहिली. तिला ड जीवनसत्त्वाचे प्रचंड डोस दिले होते. पुढं तिच्या मांडीच्या हाडातली गाठ काढली आणि ती बरी झाली. तरीही तिचं शरीर ड जीवनसत्त्वाला दाद देत नव्हतं, असाच त्यांचा निष्कर्ष होता. गाठच हाडं मऊ पाडते, हे १९५९ मध्ये स्वित्झर्लंडच्या आंद्रेआ प्राडर यांनी एका ११ वर्षांच्या मुलीच्या बरगडीतल्या गाठीवरून मांडलं. आणि त्यामागचा गुन्हेगार एफजीएफ-२३ आहे, हे जपानी संशोधकांनी दाखवलं ते थेट २००१ मध्ये.

मी स्वतः यात चुकलेली आहे, म्हणून एवढ्या पोटतिडकीनं लिहितेय. प्रॅक्टिसच्या मधल्या काळात पन्हाळ्याच्या बाजूची एक बाई माझ्याकडे यायची. नवरा तिला दवाखान्याच्या पायऱ्यांवरून उचलून आणायचा. मी तिला कॅल्शियम दिलं, ड जीवनसत्त्व दिलं, सांगितलं की उन्हात बसा, दूध प्या. तिच्या प्रत्येक रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडं बिघडली की रक्तात चढणारा घटक, वाढलेलं होतं आणि मी ते दरवेळी बघून पुढं जात होते. फॉस्फरस एकदाही केला नाही. तो साध्या प्रयोगशाळेत होतो, स्वस्तात होतो. अडीच वर्षांनी तो दुसऱ्याच कुणीतरी केला. तुमच्या पत्रासोबतच्या रिपोर्टांत अल्कलाइन फॉस्फटेज चार वेळा वाढलेलं दिसलं, तेव्हा मला तिचा चेहरा आठवला.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. ‘हाडं आधी भरू देत, मग ऑपरेशन.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण यामागं एक समज दडलेला आहे, की ठिसूळ हाडं हा एक आजार आणि गाठ हा दुसरा. तसं नाही. गाठ हेच मूळ आणि हाडं हा परिणाम. टाकीला खाली भोक असताना वरून पाणी ओतत राहिलात तर पातळी थोडी वर येते, ओतणं थांबलं की खाली जाते. फॉस्फेटचं औषध दिवसातून चार-पाच वेळा घ्यावं लागतं ते याचसाठी. प्रत्येक डोस चढतो आणि काही तासांत वाहून जातो. दुखणं कमी झालं हे खरं, आणि ते औषध बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं त्यावर राहिलं तर पोट बिघडतं, मूत्रपिंडात खडे होऊ शकतात, चुना साचू शकतो, कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चाळवतात. ज्यांची गाठ सापडतच नाही, किंवा जिथं हत्यार पोचत नाही, त्यांना हा मार्ग नाइलाजानं धरावा लागतो. बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शनही निघालंय. ते एफजीएफ-२३ला थेट अडवतं. अमेरिकेत गाठीमुळे होणाऱ्या या आजारासाठी त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. पण ते महाग आहे, घेत राहावं लागतं, आणि गाठ जिथल्या तिथं राहते. तुमच्या मिस्टरांची गाठ सापडलीय आणि ती काढता येण्याजोग्या जागी आहे. हे नशीब सगळ्यांना लाभत नाही, काहींची गाठ शोधण्यात दहा-दहा वर्षं जातात. ते वाया घालवू नका.

दिरांच्या बोलण्यातलं निम्मं मात्र बरोबर आहे, आणि ते त्यांना सांगाच. भूल देण्याआधी फॉस्फरस शक्य तेवढा वर आणलेला चांगला, कारण तो फार खाली असला तर श्वासाचे स्नायूही दुबळे पडतात. त्याला काही आठवडे लागतात, सहा महिने नाहीत. शिवाय मानेतली ती चीर वाट बघत बसत नाही. ती पूर्ण मोडली तर सगळं घाईघाईत करावं लागेल, आणि घाईत नुसता रॉड घालून मोकळं होणं म्हणजे गाठ आतच राहणं.

सासूबाईंना काय सांगायचं? ‘हत्यार लागलं की पसरते’ ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिला हसू नका. जुन्या काळी माणसं ऑपरेशनला फार उशिरा जायची आणि त्यानंतर गेलेली दिसायची, त्यातून ती आलेली आहे. या जातीच्या गाठी बहुतेक साध्या असतात, कॅन्सरच्या नव्हेत. क्वचित एखादी तशी निघते, म्हणून काढलेली गाठ तपासायला जातेच. पण सासूबाईंच्या म्हणण्यात एक कणभर खरं आहे. गाठीत विनाकारण सुई घालून तुकडा काढू नये. रक्त, लघवी आणि स्कॅन या तिन्हींचा मेळ बसला असेल तर ऑपरेशनआधी बायप्सीची सहसा गरज नसते, आणि सुईच्या वाटेनं पेशी सांडण्याचा धोका कशाला घ्या? कुणी सुचवलीच, तर ‘यानं निर्णय बदलणार आहे का?’ एवढं विचारा.

आणि नणंदबाईंना सांगा, कॅन्सरच्या हॉस्पिटलात पाठवलं याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही. हाडातली गाठ भोवतालच्या हाडासकट अखंड काढायची कला ज्यांच्या हाताला आहे ते सर्जन तिथं बसतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरा पेच, दोन सर्जन आणि दोन मतं. तुम्ही प्रश्न असा मांडलाय: ‘सांधा वाचवायचा की घालवायचा?’ असा मांडला की उत्तर ठरलेलंच आहे, कोण सांधा घालवायला जाईल? पण मी तुम्हाला आधी वेगळा प्रश्न विचारायला सांगते: ‘कोणत्या ऑपरेशनात गाठ पहिल्याच वेळी पुरती निघेल?’ कारण हे ऑपरेशन खुब्याचं दिसत असलं तरी ते होणार आहे बरगड्यांसाठी, मणक्यांसाठी, टाचांसाठी, सगळ्या सांगाड्यासाठी.

या गाठीला बहुधा नीट पापुद्रा नसतो. लिंबू सालीसकट काढावं तशी ती निघत नाही. तिच्या पेशी भोवतालच्या हाडाच्या जाळीत थोड्या थोड्या घुसलेल्या असतात. खरवडून काढताना डोळ्यांना पोकळी स्वच्छ दिसते, आणि भिंतीत मोहरीएवढं काही राहून जातं. मोहरीएवढं पुरेसं असतं. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, फॉस्फरस पुन्हा घसरायला लागतो. मग दुसरं ऑपरेशन करायचं तर जागा चिकटलेली असते, आत सिमेंट भरलेलं असतं, स्कॅनही पहिल्याइतका स्वच्छ दिसत नाही. म्हणूनच गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी हाडाच्या कडेसकट एकसंध काढणं हा या आजारात पहिल्या पसंतीचा मार्ग मानला जातो. खरवडल्यानंतर गाठ परत येण्याची शक्यता जास्त असते.

मग पहिले सर्जन चुकीचे का? नाही. खुब्याच्या गोळ्यात, कूर्चेच्या अगदी खाली लहानशी गाठ असेल, माणूस तरुण असेल आणि मान धडधाकट असेल, तर आधी कसून खरवडणं, ड्रिलनं पोकळीच्या भिंती चहूबाजूंनी घासणं, सिमेंट भरणं आणि फॉस्फरसवर नजर ठेवणं, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग जाणते सर्जनही निवडतात. फॉस्फरस चढला तर माणसाचा स्वतःचा सांधा वाचला. नाही चढला तर मोठं ऑपरेशन आहेच. हा प्रामाणिक हिशेब आहे. फक्त तो करताना ‘दुसऱ्यांदा लागू शकतं’ हे घरच्यांना आधी सांगितलेलं असलं पाहिजे. तुमच्या पत्रावरून ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत माझं मन दुसऱ्या मताकडे झुकतं, आणि त्याचं कारण ती चीर आहे. गाठ मानेत आहे. उभं राहिलं की सगळ्या अंगाचा भार याच मानेवरून मांडीत उतरतो. तिथं आधीच तडा आहे, हाड मऊ आहे. त्यात खरवडून पोकळी करायची म्हणजे पडक्या खांबाला आतून कोरायचं. सिमेंट भरलं, स्क्रू घातले, तरी ते स्क्रू पकडणार कशाला? गोळा आणि मान काढून कृत्रिम सांधा बसवला तर गाठ कडेसकट निघते, चिरेचा प्रश्नही तिथंच मिटतो. पण मी फिल्म पाहिलेल्या नाहीत, रिपोर्टाचे कागद पाहिलेत. त्यामुळे माझं हे झुकणं पुराव्यासारखं वापरू नका. ते घेऊन त्याच दोन्ही सर्जनांकडे परत जा, आणि एमआरआय आणि सीटीच्या फिल्म समोर ठेवून विचारा. गाठीच्या कडेपासून किती निरोगी हाड घेऊन तुम्ही कापणार आहात? कडा मोकळी आहे की नाही हे ऑपरेशन चालू असतानाच तपासायची सोय आहे का? आणि अशा, म्हणजे हाडं मऊ पाडणाऱ्या, गाठी तुम्ही स्वतः किती काढल्यात? आजार दुर्मीळ आहे. ‘दोन-तीन’ असं उत्तर आलं तरी ते लाजिरवाणं नाही, पण ‘गाठ ती गाठच हो’ असं आलं तर उठून या.

आणखी एक काम करून घ्या, हे सहसा कुणी सुचवत नाही. काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो तेव्हा सोबतच्या कागदावर ‘फॉस्फरस कमी, ऑस्टिओमलेशिया’ हे स्पष्ट लिहिलेलं असू दे. ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच कुठल्या गाठीसारखी दिसू शकते. फॉस्फच्युरिक मेसेन्कायमल ट्यूमर हे तिचं नाव, आणि माहिती नसेल तर ते सुचत नाही. तपासणीनंतर स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे गाठीचे काचेवरचे आणि मेणातले नमुने, मागून घेऊन घरी जपून ठेवा.

कृत्रिम सांध्याची तुमची भीती मला समजते. ४१ वय आहे. सांधा जन्माला पुरेल असं कुणी लिहून देणार नाही. मोठ्या पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकलेले दिसतात, पण ते मुख्यतः झिजेच्या आजारातल्या, जास्त वयाच्या माणसांचे आहेत. म्हणजे पासष्टीच्या आसपास एकदा बदलायची वेळ येऊ शकते, हे धरून चला. उकिडवं बसणं आणि खाली मांडी घालून बसणं सर्जनच्या परवानगीशिवाय नाही. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ऑपरेशनच्या आधी कमोड बसवा, नंतर धावपळ होते. पंगतीला खुर्ची लागेल. पण ताई, आज ते कुठं मांडी घालून बसतायत?

आता एक गोष्ट विचारते, राग मानू नका. पत्रात दीर काय म्हणतात ते आहे, सासूबाई, नणंद, दोन डॉक्टर, शेजारचे काका सगळे आहेत. मिस्टर काय म्हणतात ते पाच पानांत कुठंच नाही. हाडं मऊ झालीयत, बुद्धी नाही. चार वर्षं ज्याला आधी कामचुकार आणि मग बिचारा म्हटलं गेलं, तो माणूस हळूहळू बोलणं बंद करतो. एका संध्याकाळी घरात गर्दी नसताना दोन्ही ऑपरेशनं त्यांच्यासमोर मांडा, जशी मी मांडली तशी, आणि गप्प बसा. त्यांना वेळ लागेल. आणि ती शेवटची ओळ मला लिहिलीत, ती त्यांनाच सांगा. ‘तेव्हा मला कळलं नव्हतं, चुकलं माझं’ एवढंच. सारवासारव नको, रडारड झाली तर होऊ दे.

ऑपरेशनपर्यंत मालिश बंद, अगदी पूर्ण. वस्ताद असोत की हाडवैद्य, हात कितीही जाणता असू दे, या हाडांवर दाब सहन होत नाही, बरगडी हाताखाली मोडते. काठी उजव्या दुखऱ्या पायाच्या विरुद्ध, म्हणजे डाव्या हातात धरायची. शक्य असेल तर वॉकरच घ्या. न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी घासून घ्या, भिंतीला धरायला दांडी बसवा. डाव्या खुब्याचाही एक्स-रे करून घ्या, कारण हा आजार एकाच बाजूला थांबत नाही, आणि ऑपरेशननंतर सगळा भार डाव्यावर येणार आहे. मुंबईला जायचं तर गाडीत तासन्‌तास खड्डे खात जाण्यापेक्षा महालक्ष्मी एक्सप्रेसचा खालचा बर्थ बरा, आणि स्टेशनवर व्हीलचेअर मागा, त्यात कमीपणा नाही.

मुंबईत केईएमच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागाला, म्हणजे संप्रेरकांच्या विभागाला, या आजाराचा चांगला अनुभव आहे. वेल्लोरच्या सीएमसीलाही आहे. सर्जन कुणीही ठरवा, सोबत संप्रेरकांचे डॉक्टर हवेतच. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधी करा. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट घेऊन त्यांना नेमकं ऑपरेशनचं नाव सांगा आणि कृत्रिम सांध्याचा खर्च त्यात बसतो का हे भरती होण्यापूर्वी विचारून घ्या, नंतर नको.

ऑपरेशननंतर काय बघायचं? खुब्याची जखम डॉक्टर बघतील, तुम्ही फॉस्फरस बघा. गाठ पुरती निघाली असेल तर एफजीएफ-२३ काही तासांतच उतरतं, आणि फॉस्फरस दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चढायला लागून बहुतेकांमध्ये आठवडा-दहा दिवसांत जागेवर येतो. फॉस्फेटचं औषध तेव्हा बंद केलेलं असलं पाहिजे, नाहीतर आकडा औषधानं चढला की गाठ गेल्यानं, ते कळणार नाही. याच दिवसांत कॅल्शियम घसरू शकतं. चार वर्षं उपाशी राहिलेली हाडं एकदम जेवायला बसतात आणि रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, पायात गोळे आले, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणू नका, सिस्टरना लगेच सांगा.

मांड्यांतलं बळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांत परत येतं. हाडं भरायला वर्षभर धरा. दबलेले मणके मात्र वर उचलले जात नाहीत, ते शर्ट आखूड केलेलेच राहतील. आणि सगळं छान झालं तरी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढं वर्षातून एकदा फॉस्फरस करायचा, कायमचा. गाठ वर्षांनंतरही परत आलेली पाहिलीय.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. हाडं दुखतात म्हणून सगळ्यांनी गाठीच्या भीतीनं स्कॅन करत सुटायची गरज नाही. आपल्याकडे हाडं मऊ पडण्याचं नेहमीचं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता हेच आहे, आणि ती औषधानं सुधारते. पण दोन-तीन ठिकाणची हाडं दुखतायत, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, किरकोळ धक्क्यानं हाड मोडलंय, आणि औषधं नीट घेऊनही महिनोन्‌महिने फरक नाही, तर उपाशीपोटी फॉस्फरस करा. आकडा कमी आला तरी आधी घेत असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. लोहाची काही इंजेक्शनं, विशेषतः फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, आणि काविळीच्या बी विषाणूवरची टेनोफोविर, अ‍ॅडेफोविर यांनीही फॉस्फरस पडतो. घरात लहानपणापासून पाय वाकलेलं कुणी असेल तर तेही सांगा, तो प्रकार आनुवंशिक असू शकतो. आणि हाड मोडलं म्हणून कुणी हाडांच्या ठिसूळपणावरचं इंजेक्शन सुरू करत असेल, तर ‘फॉस्फरस बघितला का?’ एवढं विचारायला घाबरू नका. मऊ हाडांवर त्यातली बरीच औषधं उपयोगाची नसतात, उलट त्रास वाढवू शकतात.

ताई, तारीख ठरली की कळवा. आणि ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी फॉस्फरस किती आला, तो आकडा मला नक्की लिहा.